जहाज त्यांचे, गोदी कोणाची?

लिस्बनसमोर, तागुस नदीच्या दक्षिण तीरावर, अल्मादा नगराच्या काशिल्यास धक्क्याशी एक जुने, तीन डोलकाठ्यांचे लढाऊ जहाज संग्रहालय म्हणून उभे आहे. त्याचे नाव ‘दोम फेर्नांदो सेगुंदो ई ग्लोरिया’. पन्नास तोफांचे हे जहाज म्हणजे पोर्तुगीज नौदलातील केवळ शिडांवर चालणारे शेवटचे मोठे लढाऊ जहाज होय. पोर्तुगालला त्याचा अभिमान वाटतो आणि तो वाटावा हे योग्यच आहे. परंतु या जहाजाचा कणा तागुसच्या काठी बसवला गेला नाही. तो बसवला गेला दमणगंगेच्या काठी. त्याच्या फळ्या निघाल्या नगरहवेलीच्या सागातून, आणि २२ ऑक्टोबर १८४३ रोजी ते पाण्यात उतरले ते दमणच्या गोदीतून. जहाज आहे, ते पाहायला लोक जातात. गोदी मात्र आपल्या स्मरणातूनही नाहीशी झाली आहे. या विस्मरणाविषयी आम्हांला काही स्पष्ट बोलायचे आहे.

आम्ही हे बारडोलीहून लिहीत आहोत. वाचक विचारतील, बारडोलीचा आणि जहाजांचा संबंध काय? येथून समुद्र दिसत नाही. मिंढोळा नदी गावाजवळून वाहत पश्चिमेला जाते, एवढेच काय ते खाऱ्या पाण्याशी नाते. परंतु ज्या मुलखाने जहाजे घडवली तो मुलूख केवळ किनाऱ्याचा कधीच नव्हता. पूर्वेला डांगची आणि नगरहवेलीची साग-राने, पश्चिमेला सुरत, बिलीमोरा, वलसाड, दमण ही नदीमुखावरची गावे, आणि या दोहोंमधला हा मैदानी पट्टा मिळून एकच कारखाना होता. बारडोली त्या पट्ट्यात बसते. शिवाय बारडोलीने या देशाला एक असा धडा शिकवला आहे की, जो गोदीच्या प्रश्नालाही लागू पडतो. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

दमणच्या या जहाजाविषयी आपल्याकडे दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. एक पक्ष म्हणतो : आमची जहाजबांधणी जगात श्रेष्ठ होती, गोऱ्यांनी मत्सराने तिचा गळा घोटला. दुसरा पक्ष, जो गोमंतकात अजूनही हलक्या आवाजात बोलतो, म्हणतो : पोर्तुगीजांनी येथे काही तरी मोठे उभारले होते, त्याबद्दल कृतज्ञ असावे. पहिल्याला छाती फुगवायला जहाज हवे असते, दुसऱ्याला उसासा टाकायला. आमचे म्हणणे असे की, हे दोन्ही पक्ष जहाजाकडे पाहतात आणि गोदीकडे पाठ फिरवतात. गोदी म्हणजे माणसे, लाकूड, मागणी आणि पैसा यांचा हिशेब. तो हिशेब कोणालाच नको आहे, कारण तो कोणाच्याच अभिमानाला सोयीचा नाही.

प्रथम लाकडाचा हिशेब घेऊ. नगरहवेलीचे रान पोर्तुगीजांकडे कसे गेले? १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ नावाचे पोर्तुगीज जहाज पकडले. त्या नुकसानीचा वाद चालत राहिला. १७ डिसेंबर १७७९ च्या तहाने पुणे दरबाराने वार्षिक बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना लावून देण्याचे मान्य केले, आणि १७८३ मध्ये नगरहवेलीची गावे त्यांच्या हाती गेली. म्हणजे एका जहाजाच्या भरपाईपोटी सागाचे रान दिले गेले. आणि त्या रानातून, साठ वर्षांनी, पन्नास तोफांचे दुसरे जहाज उभे राहिले. आमच्या मराठी इतिहासकारांनी आरमाराच्या विजयांची वर्णने पानेच्या पाने केली आहेत. त्यांपैकी कितीजणांनी हा साधा जमाखर्च मांडला? एक गलबत पकडल्याचा आनंद किती दिवस टिकला आणि त्याची किंमत किती पिढ्यांनी मोजली, हा प्रश्न विचारणे म्हणजे आरमाराचा अवमान नव्हे. उलट तो न विचारणे म्हणजे इतिहासाला पोवाड्याच्या पातळीवर ठेवणे होय.

आणि ज्यांनी ही किंमत मोजली ते कोण? पुण्याचे मुत्सद्दी नव्हेत, गोव्याचे गव्हर्नरही नव्हेत. नगरहवेलीच्या रानात राहणारे वारली, कोकणा, धोडिया हे लोक. त्यांच्या पायाखालची जमीन एका कागदाने एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे गेली. त्यांची बोली ऐकली तर मराठी वाचकाला ती आपल्या घरची वाटेल, आणि कोकणीच्या वाचकालाही ती परकी वाटणार नाही. पण आमच्या दोन्ही भाषांच्या ग्रंथांतून त्यांना जागा नाही.

आता माणसांचा हिशेब. या जहाजाची देखरेख गिल जोझे द कोंसेइसांव या पोर्तुगीज नौबांधणी अधिकाऱ्याकडे होती, आणि पोर्तुगीज व देशी कारागिरांच्या हातून प्रत्यक्ष काम करून घेणाऱ्या मुख्य मिस्त्रीचे नाव पोर्तुगीज लेखनात ‘यादो सेमोजी’ असे उरले आहे. या नावातील ‘जी’ आपलाच आहे, हे सांगायला पंडित नको. ‘यादो’च्या मागे कोणी जादव वा यादव दडलेला असावा, असे आम्हांला वाटते. परंतु विचार करा : पन्नास तोफांचे, ज्याने पुढे एक लाख सागरी मैलांहून अधिक प्रवास केला असे जहाज ज्याच्या हुकुमाने उभे राहिले, त्याचे नाव आपल्याला परक्या लिपीतून, परक्या जिभेवर घासून गुळगुळीत झालेले असे मिळते. त्याच्या स्वतःच्या लिपीतले त्याचे नाव आपल्या एकाही शाळेच्या पुस्तकात नाही. त्याच्या हाताखालच्या सुतारांची, लोहारांची, फळ्यांच्या फटींत कापूस व राळ ठासणाऱ्यांची नावे तर मोडक्या रूपातही कोणाला ठाऊक नाहीत.

याउलट मुंबईच्या गोदीकडे पाहा. १७३६ साली सुरतेचा लवजी नसरवानजी वाडिया कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईला गेला आणि त्याच्या घराण्याने शंभरांहून अधिक वर्षे ती गोदी चालवली. १८१३ साली तेथे ‘कॉर्नवॉलिस’ बांधले गेले, ज्याच्यावर १८४२ साली चीनशी नानकिंगचा तह झाला. १८१७ साली जमशेटजी बमनजींनी ‘त्रिंकोमाली’ बांधले, जे आज इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. वाडियांची नावे टिकली, कारण ते एक घराणे होते, त्यांच्याजवळ संपत्ती होती, आणि त्यांनी स्वतः आपल्या नोंदी जपल्या. १८३८ मध्ये जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे त्या घराण्यातील दोन तरुण नौबांधणी शिकण्यासाठी विलायतेस गेले आणि त्यांनी आपल्या वास्तव्याचा वृत्तान्त छापून प्रसिद्ध केला. हे श्रेय पारशी समाजाचे आहे. दमणच्या यादोच्या मागे असे घराणे उभे राहिले नाही, आणि ज्या समाजांनी उभे राहायचे ते आपापसांत भाषेच्या सीमा आखण्यात गुंतले.

आता पहिल्या पक्षाच्या मुख्य आरोपाकडे वळू. इंग्रजांनी आमची जहाजबांधणी बुडवली, हा आरोप खोटा नाही. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ मध्ये हिंदी नौवहनावरील आपल्या ग्रंथात तो साधार मांडला, आणि त्या काळी तो मांडणे हे धैर्याचे काम होते. १८१४–१५ च्या सुमारास पार्लमेंटने केलेल्या कायद्यांनी हिंदी खलाशांना ब्रिटिश खलाशी मानण्याचे नाकारले, जहाजावर तीन चतुर्थांश ब्रिटिश खलाशी असल्याशिवाय त्याला ब्रिटिश जहाजाचे हक्क मिळेनात, आणि हिंदुस्थानात बांधलेल्या जहाजांची वाट अवघड झाली. हे सर्व खरे आहे. परंतु एक प्रश्न उरतोच : दमण तर इंग्रजांच्या राज्यात नव्हते. तेथे पार्लमेंटचा कायदा चालत नव्हता. साग हाताशी होता, नदी होती, कुशल मिस्त्री होते, राज्यकर्ता लिस्बनचा होता. मग दमणची गोदी का टिकली नाही? ज्या वैद्याकडे प्रत्येक रोगाचे एकच निदान असते त्याच्याकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही. इतिहासाच्या बाबतीत मात्र तसे वैद्य आपल्याला फार आवडतात.

दमणचे उत्तर शोधायचे तर मागणीचा हिशेब पाहिला पाहिजे. या जहाजाची कल्पना १८२० च्या दशकाच्या आरंभीची. गोव्याच्या आरमारी अधिकाऱ्यांनी मागणी केली, लिस्बनने मान्यता दिली, आणि पुढे पोर्तुगालात दोम पेद्रो व दोम मिगेल या दोन सख्ख्या भावांची भाऊबंदकी पेटली. १८२८ ते १८३४ ही वर्षे त्या यादवीत गेली. तिकडे भाऊ भांडले आणि इकडे दमणगंगेच्या काठचे काम रखडले. शेवटी पेद्रोची कन्या दोना मारिया दुसरी गादीवर स्थिर झाल्यावर जहाज पुरे झाले, आणि त्याला तिच्या पतीचे, फेर्नांदोचे, नाव मिळाले. ‘ग्लोरिया’ या शब्दात राणीचे स्वतःचे नावही होते आणि गोमंतकातील ख्रिस्ती भाविकांना प्रिय असलेली ग्लोरियाची सायबीणही होती. कल्पनेपासून जलावतरणापर्यंत सुमारे वीस वर्षे! ज्या गोदीचे एकमेव मोठे गिऱ्हाईक हजारो मैलांवर बसते आणि घरच्या भांडणात आपली मागणी विसरते, ती गोदी कारखाना नसते, ती वेठीची जागा असते. गिऱ्हाईक आठवण काढील तेव्हा करवत चालायची, एरवी माणसांनी पोटासाठी दुसरे काम शोधायचे.

आणि पैशाचा हिशेब? येथे आमच्या अभिमानी मित्रांनी मन घट्ट करावे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात दमणची भरभराट झाली ती मुख्यत्वे अफूवर. माळव्याची अफू कंपनी सरकारच्या जकातीला चुकवून सिंधमार्गे, कराचीहून गलबतांनी दमणला येई आणि तेथून चीनकडे जाई. मुंबईत राहणारे गोमंतकीय व्यापारी रोजेरियो द फारिया हे या व्यापारातील मोठे नाव. १८४३ च्या फेब्रुवारीत चार्ल्स नेपियरने मियानीची लढाई जिंकली, सिंध इंग्रजांकडे गेला, आणि अफूची ती वाट बंद झाली. म्हणजे ज्या वर्षी दमणचे सर्वांत प्रसिद्ध जहाज पाण्यात उतरले त्याच वर्षी दमणच्या भरभराटीचा झरा आटला. नियतीची थट्टा अशी की, १८४८ साली मुंबईच्या गोदीने इंग्रजी आरमारासाठी सागाचे ऐंशी तोफांचे प्रचंड जहाज बांधले, आणि त्याला नाव दिले ‘मियानी’.

त्याच सुमारास रानाचाही हिशेब दुसरीकडे फिरला होता. मुंबईच्या गोदीला सागाचा तुटवडा भासू लागला तेव्हा १८४२ च्या सुमारास कंपनी सरकारने डांगच्या भिल्ल राजांकडून जंगलांचे ठेके घेतले. त्या ठेक्यांच्या मोबदल्यातून आलेले सालिने त्या राजांच्या वंशजांना आजही आहव्याच्या डांग दरबारात समारंभपूर्वक दिले जातात. लोक तो दरबार पाहायला जातात, ढोल ऐकतात आणि परततात. या सालिन्याच्या मुळाशी जहाजांचे लाकूड आहे, हे किती प्रेक्षकांना कोणी सांगते? पुढे आगगाडी आली. १८६० च्या दशकात मुंबई आणि सुरत लोहमार्गाने जोडली गेली, आणि जहाजाच्या फळीऐवजी रुळाखालचा ओंडका सागाची वाट पाहू लागला. १८६३ मध्ये हिंदी आरमार बरखास्त झाले. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला. शिडांचे युग मावळले आणि लोखंडाचे व वाफेचे युग पुरते स्थिरावले.

तेव्हा दमणच्या गोदीला कोणी एकाने मारले नाही. ती मेली, कारण तिचे रान तहाच्या कागदावर होते, तिची मागणी परक्या राजधानीत होती, तिचा पैसा चोरट्या व्यापारात होता, आणि तिचे कौशल्य ज्यांच्या हातात होते त्यांच्या हातात यांपैकी एकही गोष्ट नव्हती. हे निदान कटू आहे, परंतु ते उपयोगी आहे, कारण ते आजही लागू पडते. आजही या बारडोलीच्या परिसरात हंगाम आला की, खानदेशातून आणि डांगातून ऊसतोड कामगार बैलगाड्यांसह येतात, साखर कारखान्यांचे गाळप त्यांच्या कोयत्यावर चालते, आणि हंगाम संपला की ते परततात. त्यांतील पुष्कळांची भाषा मराठीची बहीण आहे. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव असते. कोयत्याचे नाव कोणी विचारत नाही. यादोच्या सुतारांना विसरण्याची आमची सवय अजून मोडलेली नाही, एवढाच याचा अर्थ.

आता दुसऱ्या पक्षाकडे, कृतज्ञतेच्या पक्षाकडे, वळू. पोर्तुगालने जहाज जपले, हे खरे. परंतु कसे जपले तेही पाहावे. दमणहून ते गोव्याला ओढत नेले, तेथे त्याला डोलकाठ्या व शिडे चढली, आणि २ फेब्रुवारी १८४५ रोजी ते गोव्याहून निघून जुलैत लिस्बनला पोहोचले. तेहतीस वर्षे त्याने साम्राज्याची चाकरी केली : सैनिक, अधिकारी आणि हद्दपार कैदी यांना वसाहतींकडे वाहून नेले. पुढे ते तोफखान्याची शाळा झाले, १८७८ नंतर नदीत बांधून ठेवले गेले, आणि विसाव्या शतकात गरीब मुलांच्या शिक्षणासाठी वापरात आले. ३ एप्रिल १९६३ रोजी त्याला आग लागली आणि ते जळून गेले. त्याचा सांगाडा तागुसच्या चिखलात जवळजवळ तीन दशके पडून होता. १९९० च्या दशकात तो बाहेर काढून त्याची पुनर्बांधणी झाली, आणि १९९८ च्या लिस्बनच्या जागतिक प्रदर्शनात ते पुन्हा दिमाखाने उभे राहिले.

यावरून काय दिसते? स्मृती वारशाने मिळत नाही. ज्या देशाने ते जहाज तीस वर्षे चिखलात पडू दिले त्याच देशाने ठरवले तेव्हा ते पुन्हा उभे केले. म्हणून आम्ही पोर्तुगालचे आभार मानत बसणार नाही आणि त्याला शिव्याही देणार नाही. त्याने आपले काम उशिरा का होईना केले. प्रश्न आहे आपण आपले केव्हा करणार हा. दमण १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाले. त्यापूर्वी, १९५४ च्या उन्हाळ्यानंतर, दादरा आणि नगरहवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली, आणि त्या तुकड्यांत मराठी व गोमंतकीय तरुण खांद्याला खांदा लावून लढले. ज्यांना रान मुक्त करता आले त्यांच्या वारसांना त्या रानाची एक कथा लिहिता येऊ नये?

खरे कारण आम्हांला ठाऊक आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. दमणची गोदी कोणाच्याच वाट्याला आलेली नाही. मराठी इतिहासकार उंबरगावाच्या अलीकडे थांबतो, कारण पुढे गुजराती सुरू होते. गुजराती इतिहासकार दमणच्या वेशीशी थांबतो, कारण आत फिरंगी कागद आहेत. गोमंतकीय अभ्यासक तेरेखोलच्या पलीकडे क्वचितच पाहतो, कारण दमण त्याला लांबच्या नातलगासारखे वाटते. १९६० साली भाषावार राज्ये झाली, डांग गुजरातेत गेला, १९८७ साली गोवा राज्य होऊन दमणपासून वेगळा झाला. या प्रत्येक वाटणीत जमिनीचे तुकडे मोजले गेले, गोदीच्या आठवणी मात्र कोणाच्याच वाटणीपत्रात नव्हत्या. नदीला भाषा नसते, सागाच्या ओंडक्याला मातृभाषा विचारून कोणी पाण्यात ढकलत नाही. आता तर सबबही उरलेली नाही. ज्या रानातून साग आला ते रान आणि ज्या गोदीत तो लागला ती जागा, २६ जानेवारी २०२० पासून एकाच केंद्रशासित प्रदेशात आली आहेत.

आमचे काही मित्र म्हणतील, ‘जुने कागद चाळून काय मिळणार?’ त्यांना आम्ही दोन उदाहरणे देतो. पहिले हेगचे. पोर्तुगालने नगरहवेलीत जाण्याच्या हक्कासाठी भारताला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले तेव्हा प्रश्न आला तो त्याच १७७९ च्या तहाचा : मराठ्यांनी पोर्तुगीजांना सार्वभौम सत्ता दिली, की फक्त वसूल? कागदांतील शब्द तपासले गेले, आणि १२ एप्रिल १९६० च्या निवाड्यात न्यायालयाने असे धरले की, मराठ्यांनी दिले ते जहागीर वा सरंजामाच्या स्वरूपाचे उत्पन्न होते, सार्वभौमत्व नव्हे. एकशे ऐंशी वर्षांपूर्वी पुण्यात वापरलेल्या शब्दांचे वजन हेगच्या तराजूत पडले. जुना कागद काय करू शकतो याचे याहून मोठे प्रमाण कोणते?

दुसरे उदाहरण या आमच्या गावाचे. १९२८ च्या बारडोली सत्याग्रहाचे नाव घेतले की, वल्लभभाईंचे धैर्य, जप्त्या आणि शेतकऱ्यांचा निर्धार लोकांना आठवतो. ते सर्व खरेच होते. परंतु सरकारने लादलेली बावीस टक्के सारावाढ शेवटी सुमारे सहा टक्क्यांवर आली ती ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन इंग्रज अधिकाऱ्यांच्या चौकशीतून. त्या चौकशीपुढे महादेव देसाई, नरहरी परीख यांच्यासारख्यांनी शेतकऱ्यांची बाजू गावोगावच्या खंडाच्या, उत्पन्नाच्या आणि खर्चाच्या आकड्यांनिशी मांडली. निर्धाराने चौकशी मिळाली, पण ती जिंकली हिशेबाने. आणि बारडोलीने ती आठवण जपलीही : स्वराज आश्रम आणि सरदारांचे संग्रहालय येथे उभे आहे. स्वतःच्या लढ्याची वही उघडी ठेवणाऱ्या मुलखाला आपल्या गोदीची वही उघडता येणार नाही, असे आम्ही मानत नाही.

म्हणून आमची मागणी भावनेची नाही, कामाची आहे. पणजीच्या गोवा पुराभिलेखागारात, ज्याची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते, पोर्तुगीज अमदानीची दफ्तरे आहेत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्याच दफ्तरांतून मराठे-पोर्तुगीज संबंधांचा इतिहास उभा केला, आणि तो केवळ पोर्तुगीजांत ठेवला नाही, मराठीतही आणला. त्यांच्या वाटेने दमणच्या नोंदी वाचणारे कोण आहेत? १९६१ पूर्वी पोर्तुगीजांत शिकलेली गोमंतकातील पिढी आता झपाट्याने कमी होत आहे. ती आहे तोवर तिच्या शेजारी बसून नव्या अभ्यासकांनी ते अक्षर शिकून घेतले पाहिजे. दमण, वलसाड, बिलीमोरा, वसई, रत्नागिरी, मालवण, पणजी या किनाऱ्यावर अजून जे होडी बांधणारे आहेत, त्यांच्या तोंडचे गलबताच्या प्रत्येक अंगाचे शब्द गुजराती, मराठी, कोकणी या तिन्ही भाषांत शेजारी शेजारी मांडून कोश केला पाहिजे. ज्याला आपण होडी म्हणतो आणि गोमंतकीय ‘व्हडें’ म्हणतो, तिच्या नाळेपासून सुकाणूपर्यंत किती शब्द समाईक निघतात ते पाहावे. दोन भाषांनी आपसांत वाद घालण्यापेक्षा हे काम अधिक शोभेल, आणि या मासिकासारख्या द्विभाषिक पानांना तर ते अंगावरच्या कपड्यासारखे बसेल.

आणि दमणगंगेच्या काठी एक दगड उभा राहावा. त्यावर राजाचे नाव नको, राणीचे नको, गव्हर्नराचेही नको. त्यांची नावे जहाजावर आहेतच. त्यावर यादो मिस्त्रीचे नाव असावे, पोर्तुगीजांनी लिहिले तसे आणि आपल्या लिपीतही. खाली एवढेच लिहावे की, या ठिकाणी नगरहवेलीच्या सागाचे जहाज बांधले गेले, आणि ज्यांनी ते बांधले त्यांतील एकाचेच नाव उरले. या वाक्याची ज्याला लाज वाटेल तो दुसरे नाव शोधायला निघेल. आम्हांला तेवढेच हवे आहे.